तिजोरीत पैसे उरले तर सरकारनं काय करावं?

परभणीकर_स्पर्धा
राम राम मंडळी. एमपीएससी करू लागलोय. काल अभ्यासिकेत मॉक इंटरव्ह्यू झाला, त्यात सर म्हणले समजा तू अर्थमंत्री हायस आन वर्षाअखेरी बजेटमधी शिल्लक पडली तर काय करशील. निम्मी पोरं म्हणली कर्जमाफी, निम्मी म्हणली टॅक्स कमी, एक जण म्हणला सगळ्यांच्या खात्यात टाकून द्या. सरांनी कोणालाच हो म्हणलं नाही नि नाही बी म्हणलं नाही. आपल्याकडं शिल्लक पडायचा योग कधी येतो देव जाणे, पण पडलीच तर नेमकं काय करावं?

टेलचा_शेतकरी
पाणी. दुसरं उत्तरच नाही. जायकवाडीचा पाया 1965 ला शास्त्रीजींनी घातला, 1976 ला इंदिराबाईंनी लोकार्पण केलं, आन आम्ही डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला बसून अजून पाळीची वाट बघू लागलोत. वर पाणी सुटलं की मधीच झिरपून जातंय, अस्तरीकरणाच्या फरश्या उखडून चारीतच पडल्यात, त्यात बाभळी उगवल्यात, हाताच्या मनगटाएवढी बुंधं झालीत त्यांची. अनुशेष, म्हणजे बाकीच्या भागाच्या मानानं आपण किती मागं राहिलो, ते 1984 ला दांडेकर समितीनं मोजलं, 2013 ला केळकर समितीनं परत मोजलं. मोजून मोजून दमले बिचारे. मागास भागाच्या निधीवर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली ती संपलीच. नवं धरण नको आम्हाला, आहे तो कॅनॉल दुरुस्त करा.

लेखा_रिटायर्ड
बाळा, आधी शिल्लक कोणती ते विचारायचं सरांना. महसुली का सगळं धरून? 2017-18 ला महाराष्ट्राच्या महसुली खात्यात दोन हजार कोटींच्या आसपास शिल्लक निघाली होती आणि त्याच वर्षी राजकोषीय तूट, म्हणजे सगळं धरून कर्जानं भागवायची तूट, वीस हजार कोटींच्या वर होती. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं हे सगळं भागवून थोडं उरलं, पण रस्ते आणि धरणं करायला कर्ज काढावंच लागलं, त्या उरलेल्यानं ते कर्ज तेवढं कमी काढावं लागलं इतकंच. तो पैसा कुठं पेटीत नसतो कर्जमाफीला काढून द्यायला. 2025-26 च्या बजेटात तर महसुली तूटच 45 हजार कोटींच्या वर धरलीय.

दुसरं म्हणजे शिल्लक दाखवता येते. आयुष्य गेलं माझं मार्च एंडमध्ये. 31 तारखेला रात्री दहापर्यंत बिलं घेऊन लोक खिडकीवर उभे, आणि बीम्सवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, निधीच नाही म्हणून बिल परत. ठेकेदाराचं, पोरांच्या स्कॉलरशिपचं, मास्तराच्या मेडिकलचं. ती देणी एप्रिलात ढकलली की मार्चची वही एकदम गोंडस दिसते. त्यामुळं माझं उत्तर विचारशील तर पहिली थकलेली बिलं द्या, मग महागड्या व्याजाचं कर्ज कमी करा. राज्याची जास्तीची रोकड रिझर्व्ह बँकेकडं 14 दिवसांच्या ट्रेझरी बिलात आपोआप जाते, तिथं व्याज तुटपुंजं, आणि इकडं आपणच जास्त व्याजानं रोखे काढलेले. रोकड साठवून मिरवण्यात काही राम नाही.

मूळ_लातूर_सध्या_पुणे
काकांचा पॉइंट भारी. मी अजून एक ॲड करतो, पैसा एकदाच आलाय का दरवर्षी येणारे हे बघायला पाहिजे. अमेरिकेत 1998 ते 2001 सलग चार वर्षं सरप्लस होता, 2001 ला बुशनं मोठी टॅक्सकपात केली कारण असंच चालू राहणार वाटलं, 2002 ला परत डेफिसिट आणि तेव्हापासून आजपर्यंत सरप्लस नाही. अर्थात नुसतं टॅक्सकपातीनं नाही झालं, मंदी होती, 9/11 झालं, पण कपात तर परत घेता येत नाही ना पटकन. उलट नॉर्वे बघा, तेलाचा पैसा फंडात टाकतात आणि 2001 ला नियमच केला की वर्षाला फंडाच्या साधारण 4 टक्केच वापरायचे, 2017 ला ते 3 वर आणलं. आपल्या देशात ओडिशा पण बरीच वर्षं महसुली शिलकीत आहे आणि त्यांनी वाईट वर्षासाठी वेगळा फंड केलाय. आपल्याकडं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं लातूरला, 2025 च्या सप्टेंबरात उलटं, अतिवृष्टीनं रानं खरवडून गेली. आपल्याला तर असा फंड सगळ्यात आधी पाहिजे. आणि खरं सांगू का, त्या लाडक्या बहिणीला तेवढं आवरा पहिलं.

ग्रामपंचायत_ताई
पुण्यात बसून आवरा म्हणायला काय जातंय दादा. 1500 मधी आमच्या वस्तीवरल्या बायका किराणा नि पोराची वही आणतेत, कोणी मॉलला जात नाही. पण तुमचा एकदाच-दरवर्षी वाला मुद्दा खरा हाय, म्हणून सांगते. आमच्या गावात निधी शिल्लक होता, तो परत जाईल म्हणून घाईघाईनं आरओ प्लांट बसवला. पाच रुपयाचा क्वाईन टाका, वीस लिटर पाणी. उद्घाटनाला नारळ, फोटो, सगळं. वर्षभरात मेम्ब्रेन गेला, लाईट बिल थकलं, मीटर काढून नेलं. आता त्या डब्यात पाल राहती नि बाहेरच्या ओट्यावर गडी पत्ते खेळतेत. बांधायला पैसे होते, चालवायला नव्हते. सरकारनं बी शिलकीतून नवं हॉस्पिटल बांधलं तर नर्सचा पगार पुढच्या वर्षी कुठून आणणार ते आधी लिहून द्यावं. मला तर टेलवाल्या भाऊंचं पटतंय, दुरुस्तीला टाका.

टेलचा_शेतकरी
ताई, बघा. कोणतरी ऐकलं आमचं.

मूळ_लातूर_सध्या_पुणे
ओके ताई, आवरा हा शब्द मागं. पण 2025-26 ला त्या एका योजनेला 36 हजार कोटी ठेवलेत, ते दरवर्षी लागणार, एखाद्या वर्षीच्या शिलकीवर असलं काही सुरू करता येत नाही एवढंच म्हणायचं होतं.

परभणीकर_स्पर्धा
लई भारी चर्चा झाली राव. म्हणजे आधी थकबाकी, मग कर्ज, मग दुरुस्ती, आन उरलं तर ओडिशावानी फंड, असं बोललो तर चालंल का काका?

लेखा_रिटायर्ड
चालेल. फक्त ओडिशाचं नाव काढलंस तर खाणींच्या रॉयल्टीचं पाठ करून जा, त्यांची शिल्लक बरीचशी तिथून येते, सर पुढचा प्रश्न तोच विचारणार. आणि कर्जमाफीवर मत विचारलं तर 2017 ची दीड लाखाची आणि 2019 ची दोन लाखाची, दोन्हींची नावं नि अटी वेगवेगळ्या होत्या, गोंधळ करू नकोस.