मुलांना शाळेतून काढून घरी शिकवतेय. चर्चच्या मंडळीत सगळे माझ्याकडे वळून पाहतात. चुकलं का माझं?

दोन_लेकरांची_आई
सलाम. आम्ही नागपुरात मेकोसाबागेत राहतो. मोठी ९ वर्षांची, धाकटा ६ चा. गेल्या जूनमध्ये दोघांना शाळेतून काढलं आणि मी बँकेतली नोकरी सोडली. मोठीच्या वर्गात ६२ पोरं होती. तिसरी संपली तरी ती ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचायची आणि शाळेत कोणाला पत्ताच नव्हता. दुसरं म्हणजे, लेकरांना प्रभूच्या वाटेवर वाढवणं हे आईबापाचं काम आहे, असं आम्हा दोघांनाही वाटतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांना शिकवायला सांगितलंय. आमच्याकडे निजताना आणि उठताना फक्त "होमवर्क झाला का" एवढंच चालायचं.

आता सकाळी ७ ला प्रार्थना, एक स्तोत्र, मग बालभारतीची पुस्तकं. बाकीचं स्वयंपाकघरात. नाताळात करंज्यांचं पीठ दीडपट करायचं होतं, तर मोहन किती, हे मोठीनं काढायचं ठरलं. तिनं दुप्पट घातलं. पहिला घाणा कढईत विरघळला, तेलात नुसतं सारण तरंगत होतं. अपूर्णांक त्या दिवशी जे कळले ते कायमचे.

रविवारी उपासना सुटल्यावर एक आत्या म्हणाल्या, "काऊन वं, पोरीले शाळेतून काढलं म्हणते? फी जड चालली का?" घरी येईस्तोवर तेच डोक्यात.

निवृत्त_बाई_सदर
मी ३४ वर्षं शिकवलं, म्हणून कडक बोलते. मिशनरी हिस्लॉपसाहेब १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी इथं शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. माझी आजी मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकली म्हणून नर्स झाली. तिच्या आईला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. आपल्या समाजाला उभं केलं ते शाळेनं, आणि तुम्ही शाळेलाच नको म्हणता? ६२ पोरांच्या वर्गात तुमची लेक हरवली, ही चूक खरीच. मग शाळा बदला.

आणि एक सांगते. माझी वर्गमैत्रीण बौद्ध होती. दसऱ्याला तिच्याबरोबर मी दीक्षाभूमीवर जायची, नाताळात ती आमच्याकडे. ती मला वर्गातल्या बाकावर भेटली. तुमच्या लेकीला अशी कोण, कुठं भेटणार?

वऱ्हाडी_पाहुणा
बाई, पंडिता रमाबाईंना कुठं शाळा होती? आईनं रानात संस्कृत शिकवलं तिले.

निवृत्त_बाई_सदर
आणि मोठी होऊन त्या रमाबाईंनी काय काढलं? १८८९ मध्ये शारदा सदन. शाळाच!

कायदा_बघा
भावना बाजूला ठेवा. ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यात वेगळं कलम नाही. पुढं एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) दहावी करता येते, वय १४ पूर्ण लागतं, विषय पाच, नोंदणी पाच वर्षं चालते. तोपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. पुन्हा प्रवेश घ्यायची वेळ आली की त्याच्यासाठीच धावपळ होते.

घरीच_शिकलो
मी या प्रयोगातला उंदीर. आईवडील भाविक, हेतू चांगला, पण पुस्तकं सगळी अमेरिकेतून मागवलेली. नोव्हेंबर आला की पानगळीची चित्रं रंगवायची, इकडे खिडकीबाहेर अंबिया बहाराच्या संत्र्यांचे ठेले. नाण्यांची गणितं सेंटमध्ये. सव्वाशे म्हणजे किती, हे मला किराणा दुकानदारानं शिकवलं, तेही चार गिऱ्हाइकांसमोर हसून. ताई बालभारती वापरतात हे वाचून बरं वाटलं. बायबल मला आजही तोंडपाठ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १५ व्या वर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा ४० अनोळखी पोट्ट्यांमध्ये बसलो तेव्हा पेन धरता येत नव्हतं, हात इतका घामेजला होता. अभ्यास झाला होता बरं का.

नाइट_ड्युटी
मला शाळेपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. महिला मंडळात नेहमी बायबलमधला नीतिसूत्रेचा ३१ वा अध्याय वाचतात, सद्गुणी स्त्री, आणि सूर असा की बाईनं घरीच बसावं. तो अध्याय नीट वाचा. ती बाई शेत पाहून विकत घेते, तागाची वस्त्रं करून विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. हिशेब तिच्या हातात आहे. ताई, तुमच्या हातात काय आहे? पीएफचं काय केलं? तुमच्या नावावर आता काय उरलंय? घर सांभाळणं कमी नाही, मीही ड्युटीवरून येऊन तेच करते. पण हे देवाचं पाचारण असेल तर नवऱ्यालाही असेल ना?

दोन_लेकरांची_आई
नवरा रेल्वेत आहे, शिफ्ट असते. सुट्टीच्या दिवशी विज्ञान त्याच्याकडे. मागच्या महिन्यात रमण विज्ञान केंद्रात दोघांना घेऊन गेला, परत आल्यावर तीन दिवस घरात आरसे फिरत होते. भांडीही घासतो, पण सासूबाई आल्या की मी घासू देत नाही. हे लिहितानाच मला कसंतरी वाटलं.

पीएफ काढला. थोडा घराच्या हप्त्यात गेला, थोडा कूलरमध्ये. नाइट ड्युटी ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाई, तुमच्या मैत्रिणीचा मुद्दा मात्र झोंबला. मोठी संध्याकाळी खाली खेळते, पण खाली सगळी आपलीच मंडळी.

वऱ्हाडी_पाहुणा
पोरगी आता वाचते का वो, बोट न ठेवता? ते तर कोणी विचारलंच नाही.

दोन_लेकरांची_आई
वाचते. परवा अख्खी गोष्ट वाचून दाखवली.

निवृत्त_बाई_सदर
शाळेत घाला हे मी म्हणतच राहणार. तरी शनिवारी ४ नंतर तिला माझ्याकडे आणा, मी वाचन ऐकते. येताना तिनं आधी न पाहिलेलं पुस्तक आणा. पाठ झालेली गोष्ट पोरं घडाघडा म्हणतात, आणि आईला वाटतं वाचायला आलं.