बर्फाखालच्या समुद्रतळाशी प्राणी खातात काय?

कोथरूडहून विचारतेय. लेक आठवीत आहे, तिचं प्रोजेक्ट आहे अंटार्क्टिकावर. वर दीडशे मीटर बर्फ, खाली मिट्ट काळोख, मग तिथे प्राणी जगतात कशावर? आणि बर्फ गेला तर त्यांचं बरं होतं की वाईट?

पाषाणकर: ताई, फार छान प्रश्न. 13 जानेवारी 2025 ला अंटार्क्टिकातल्या जॉर्ज सहावा हिमस्तरापासून (हिमस्तर म्हणजे जमिनीला लागून समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ) 510 चौ.किमी.चा हिमनग तुटला, जवळच असलेलं संशोधन जहाज 25 तारखेला तिथे पोचलं आणि कॅमेरा खाली सोडला तर मोठमोठे स्पंज, प्रवाळ, समुद्री कोळी, ऑक्टोपस! स्पंज एरवी फार सावकाश वाढतात, म्हणजे ही वस्ती जुनीच. अन्न बहुधा प्रवाह आणत असावेत, कारण वरून शेवाळाचा पाऊस पडायला उघडं पाणीच नाही.

सदाशिवपेठी: बरं की वाईट, दोन्ही. अंटार्क्टिकातलाच लार्सन ए नावाचा हिमस्तर 1995 मध्ये फुटला, उजेड आला, शेवाळ वाढलं, तळाशी खाऊ पोचला, 2007 ते 2011 मध्ये तिथल्या काचस्पंजांची (काचेसारखा सांगाडा असलेले स्पंज) संख्या तिप्पट झाली. पण सुटे हिमनग उथळ तळ नांगरल्यासारखा खरवडतात, त्यात सगळं चिरडतं, मला याचीच जास्त काळजी वाटते. लेकीला अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रातली बर्फमाशांची घरटी नक्की दाखवा, तळाशी गोल खळगा, आत बारीक खडे, त्यावर अंडी आणि राखणीला एकच मासा, रक्त बिनरंगाचं, अशी अंदाजे 6 कोटी घरटी!

कोथरूडची आई: खूप आभार दोघांचे, घरट्याचं चित्र काढायला बसलीसुद्धा ती.