भावंडांनो, आता तुम्ही लिहा

अपंग मुलांच्या आईवडिलांचे अनुभव वाचायला मिळतात, भावंडांना मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा त्यांच्यासाठी. राग, हेवा, कंटाळा, सगळं चालेल. 'देवाने आम्हालाच निवडलं' छापाच्या लेखनाला इतरत्र भरपूर जागा आहे.

सुरुवात मीच करते. धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पाय ताठ. मेंदूला झालेली इजा वाढत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य आम्ही धरून बसलो होतो. पण हाडं वाढतात आणि ताठ स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. उंची वाढू लागली तसा तो जास्तच चवड्यांवर चालायला लागला. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या ताणायचं काम माझ्याकडे. गुडघा सरळ धरायचा, टाच तळहातात घ्यायची आणि पाऊल हळूहळू वर दाबायचं. झटका दिला की स्नायू उलट आवळतो. तो बोंबलायला लागला की मी पाढे म्हणायला लावायचे. सतराच्या पाढ्यावरून तो अजून मला शिव्या घालतो. मैत्रिणी खाली खेळत असायच्या, त्याचा राग मात्र मी त्याच्यावर नाही, आईवर काढायचे.

थोरली: भावाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आनुवंशिक आजार. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. पण आई वाहक असेल (म्हणजे दोष तिच्यात आहे, पण सहसा ती स्वतः आजारी नसते) तर प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. हे मला कळलं कधी, तर कॉलेज संपल्यावर, एका डॉक्टरांनी सहज विचारलं तेव्हा! तपासणीत वाहक निघाले. वाहक बायकांनीही हृदय अधूनमधून तपासून घ्यायचं असतं. घरच्यांनी लपवलं असं नाही. त्यांच्या लेखी मी धडधाकट, विषय संपला. बहिणींनो, स्वतःहून विचारा.

मधला: ताईची हाडं ठिसूळ (ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा). भांडणात हात उचलायची सोयच नव्हती. ती चिमटे काढायची आणि वर "माझं हाड मोडेल हं" म्हणून दम द्यायची. महाबिलंदर.

शेंडेफळ: दादा व्हीलचेअरवर समोर बसलेला असतो आणि लोक मला विचारतात, "यांना पाणी हवंय का?" तो म्हणतो, "तिला काय विचारता, तिला माझं काही माहीत नसतं."

दुसरी बाजू: मी स्वतः व्हीलचेअरवर. "आमच्यामागे हिचं तुलाच बघायचंय," असं भावाला तो सहावीत असताना सांगितलं गेलं. मला काय हवंय, ते कुणी विचारलं नाही. आज मी कमावते, मदतनीस ठेवली आहे. आणि हा माझ्यासाठी परगावची चांगली नोकरी नाकारून बसलाय! महिनाभर आमचं त्यावरून वाजतंय.

थोरली: त्यालाही लिहायला सांगा. कदाचित त्याला ती नोकरीच नको असेल आणि तुम्ही निमित्त असाल.

दुसरी बाजू: हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारते.