आरसी ३९० चं सस्पेन्शन ट्रॅकसाठी: सर्व्हिस करू की कार्ट्रिज किट टाकू?

घाटवेडा_३९०
नमस्कार मंडळी. २०१८ ची केटीएमची आरसी ३९० बाईक आहे, ३१ हजार किमी झालेत आणि सस्पेन्शनला अजून कोणी हात लावलेला नाही. माझं वजन जॅकेट-हेल्मेट धरून ९२ किलो. दोन महिन्यांनी चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डे करायचाय, पहिल्यांदाच. प्रॉब्लेम असा की जोरात ब्रेक मारला की पुढचं पार खाली बसतं आणि शेवटी खट्ट आवाज येतो, आणि लांब कॉर्नरला मागून गाडी पाळण्यासारखी डोलते. एक मेकॅनिक म्हणतो २० नंबरचं जाड ऑइल टाकू, दुसरा म्हणतो मागचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) फुल टाईट कर, विषय संपला. बजेट २५ हजार. कार्ट्रिज किट (पुढच्या शॉकअपचे आतले भाग बदलायचा संच) घेऊ का?

कोनसेट_काका
किट-बिट नंतर बघू रे. ३१ हजार किमीचं फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांमधलं तेल) म्हणजे आत आता राखाडी पाणी असणार, काढलंस की वासावरूनच कळेल. बुश (नळ्यांमधल्या सरकत्या कड्या) झिजून त्यांची पूड त्यात मिसळते आणि डॅम्पिंग (स्प्रिंगची हालचाल आवरणं) हळूहळू जातं, रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे आधी दोन्ही फोर्क पूर्ण खोलून धुऊन घे, ऑइल सील, डस्ट सील आणि बुश नवीन. नुसतं ऑइल बदलून देतो म्हणणारा असेल तर तिथून निघ. गाडी वर घेतलीच आहे तर कोनसेट (हँडल फिरतं तिथले बेअरिंग) आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंगही बघून घे, कोनसेटमध्ये प्ले (ढिलेपणा) असला तरी ब्रेकला खट्ट होतं आणि लोक उगाच शॉकअपला शिव्या घालतात.

२० नंबरचं ऑइल अजिबात नको. तुझ्या मॉडेलला पुढे ॲडजस्टमेंट नाही, म्हणजे जाड ऑइलने दाबणं जड होईल तसं परत वर येणंही स्लो होईल, मग लागोपाठ खड्डे आले की फोर्क वर यायच्या आत पुढचा खड्डा हजर आणि फोर्क खालीच अडकून राहतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपासून फार लांब जाऊ नकोस. आणि बाटलीवरच्या १०डब्ल्यूवर भरवसा ठेवू नको, दोन ब्रँडचं १०डब्ल्यू सारखं निघत नाही, डेटाशीटमध्ये ४० डिग्रीचा सेंटिस्टोकचा (जाडपणाचा) आकडा असतो तो बघायचा.

तळाला बसण्यावर स्वस्त उपाय म्हणजे ऑइलची लेव्हल ५ ते १० मिमी वाढवणं. वरची हवेची जागा कमी होते आणि ती हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचं काम करते, सुरुवातीचा भाग जवळपास होता तसाच राहतो. लेव्हल स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून पट्टीने मोजायची, मापाच्या भांड्याने अंदाजे ओतायची नाही. आणि मोजताना तू समोर उभा राहा.

लेथवाला_भोसरी
काकांचं बरोबर. मागच्याबद्दल सांगतो. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही राव, फक्त गाडी वर उचलली जाते, पण हे अर्ध्या गावाला पटत नाही. आधी सॅग (वजनाने गाडी किती बसते ते) मोज, दोन मित्र लागतील. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घे, मग पूर्ण गिअर घालून गाडीवर बस आणि परत घे. फरक ट्रॅकसाठी ३० मिमीच्या आसपास हवा. मग तू उतर आणि गाडी नुसती उभी असताना किती बसते ते बघ, ५ ते १० मिमी बसायला हवी. तुझ्या वजनाला ३० आणायला प्रीलोड एवढा आवळावा लागला की रिकामी गाडी बसतच नाही, तर स्प्रिंग तुझ्यासाठी मऊ आहे. मग स्प्रिंगच बदलायची, दुसरा इलाज नाही.

डोलण्याचं कारण मात्र बहुतेक डॅम्पर, म्हणजे मागच्या शॉकमधला ऑइलचा भाग. आतला नायट्रोजन गेला की ऑइलचा फेस होतो. घाटात पाच मिनिटं ठीक वाटेल पण ट्रॅकवर १५-२० मिनिटांच्या सेशनमध्ये ऑइल तापतं आणि शेवटच्या लॅप्सना मागचं उड्या मारायला लागतं. शॉक रिबिल्ड करणाऱ्याला (खोलून परत भरणाऱ्याला) एकच विचार, नायट्रोजन किती बार दाबाने भरतोस. आकडा न सांगता "भरतो ना दादा" म्हणाला तर शॉक परत घेऊन ये. साधी हवा भरणारेही भेटतात, त्यात ओल असते, ऑइल खराब होतं.

स्लो_हँड्स
मी किटच्या विरोधात नाही पण पहिल्याच ट्रॅक डेला कशाला? वाचलेले पैसे चांगल्या टायरवर आणि शिकण्यावर घाल. त्याच ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे कोर्स होतात, जमलं तर ते कर. निम्म्या लोकांचा फोर्क तळाला बसतो कारण ब्रेक एकदम खेचतात, लिव्हर पिळत नेत नाहीत.

एक काम आजच कर. पुढच्या फोर्कच्या खालच्या चकचकीत नळीवर डस्ट सीलला टेकवून एक केबल टाय लाव, फार घट्ट नको. राइड झाली की टाय किती खाली सरकला ते बघ. तुझ्या फोर्कला १२५ मिमी ट्रॅव्हल (दबायची जागा) आहे, जोरात ब्रेकिंगनंतर त्यातले १०-१५ शिल्लक राहिले की बास. आणि हे ताम्हिणीत नको रे भावा, समोरून एसटी येते, कुठल्यातरी मोकळ्या जागेत कर.

घाटवेडा_३९०
टाय लावला, कंपाऊंडमधल्या रस्त्यावर ब्रेक मारून बघितला, पार तळाला गेला 😅 काका, कोनसेटमध्ये पण थोडा प्ले आहे, पुढचं चाक उचलून फोर्क मागेपुढे हलवला की हाताला कळतो. सीलचं काम पुढच्या आठवड्यात टाकतोय, किट कॅन्सल. गाडी टेम्पोने पाठवायची आहे, त्यात काही बघायचं का?

कोनसेट_काका
हो, मेन तेच. टेम्पोवाले हँडलला दोरी टाकून फोर्क पार खाली खेचून बांधतात आणि दोन दिवस तसाच राहतो, नवीन सील तिथेच गळायला लागू शकतात. फोर्क तळापर्यंत खेचू देऊ नको, पट्टा फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला लावायला सांग, हँडलला नाही. उतरवल्यावर नळी फडक्याने पुसून दोनदा दाबून बघ, तेलाची रिंग दिसली तर पॅडॉकमध्येच (ट्रॅकजवळ गाड्या लावतात तिथे) डस्ट सील खाली करून आतला कचरा जुन्या फोटो निगेटिव्हच्या पट्टीने काढता येतो. पट्टी खिशात ठेव.