स्पेक्ट्रम ४८के: नुसते उभे पट्टे येतात, रॅम बदलावी का? (कोल्हापूर)

रंकाळा_रेट्रो
मशीन: सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर, ४८के, रबरी बटणांचा. बोर्डावर इश्यू थ्री बी (बोर्डाची आवृत्ती) छापलंय. अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट २ अँपिअरचा, मधली पिन निगेटिव्ह करून घेतलाय. चालू केलं की टीव्हीवर काळे-पांढरे उभे पट्टे येतात आणि तसेच राहतात, सुरुवातीला दिसणारी सिंक्लेअरच्या नावाची ओळ येत नाही. खालच्या रॅमच्या आठ आयसींपैकी दोन इतक्या तापतात की बोट ठेवता येत नाही. शेजारची छोटी कॉइल करपल्यासारखी दिसते.
आठही आयसी सरसकट बदलू का? कॉइल उद्यमनगरात गुंडाळून मिळेल का? आणि आताच्या एलईडी टीव्हीला हे एव्हीमधून कसं जोडायचं, तेही सांगा.

झेड८०_शाहूपुरी
आयसीला अजून हात लावू नका. आधी तीन व्होल्टेज मोजा.
स्पेक्ट्रमची खालची १६के रॅम ४११६ नंबरच्या मेमरी आयसींची आहे आणि ४११६ ला तीन सप्लाय लागतात. खाचेच्या बाजूने मोजत पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५. पिन १६ ग्राउंड. मीटरची काळी तार ७८०५ च्या (५ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या) धातूच्या पाठीला लावा, ती ग्राउंडच असते. अधिक ५ थेट ७८०५ मधून येतो. बाकीचे दोन मात्र ती कॉइल आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. टीआर४ गेला की उणे ५ गायब होतो. उणे ५ नसताना पिन ८ वर व्होल्टेज मिळत राहिलं तर ४११६ आतून भाजते. म्हणून मोजमाप दहा-पंधरा सेकंदांत उरका आणि लगेच बंद करा. ‘बघू जरा चालतंय का’ म्हणून चालू ठेवलंत तर आज चांगल्या असलेल्या आयसीही जातील.
मशीन बंद करून पिन १, ८ आणि ९ ते ग्राउंड रेझिस्टन्सही मोजा. आकडे इथे टाका.
अ‍ॅडॉप्टरची ध्रुवता तपासलीत हे फार बरं केलंत. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर मधली पिन पॉझिटिव्ह असलेले असतात, स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं, आणि उलटं लागलं तर वाचवायला आत काही नाही. राउटरचा १२ व्होल्टचा मात्र लावू नका. ७०० मिलीअँपिअर धरले तरी ९ व्होल्टवर ७८०५ ला २.८ वॉट उष्णता सोसावी लागते, १२ वर ती ४.९ वॉट होते.

रंकाळा_रेट्रो
पिन ९ वर ५.०२. पिन १ वर शून्य. पिन ८ वर १२ नाही, बरंच कमी. बंद असताना पिन १ ते ग्राउंड ३ ओहम, आठही आयसींवर तेच.

झेड८०_शाहूपुरी
आठही आयसींची पिन १ बोर्डावरच्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आहे, म्हणून रीडिंग सगळीकडे सारखंच येणार. ३ ओहम म्हणजे उणे ५ ची लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. पहिला संशय त्या तापणाऱ्या दोन आयसींवर. नवा टीआर४ टाकून चालू केलंत तर शॉर्ट त्यालाही घेऊन जाईल, तेव्हा आधी शॉर्ट काढायचा.
आयसी अख्खी उपसायला जाऊ नका, या बोर्डाच्या पट्ट्या नाजूक आहेत, गरम होऊन लगेच उचलतात. बारीक कटरने पाय आयसीच्या अंगालगत कापा, मग एकेक पाय ३३० अंशांच्या आसपास गरम करून चिमट्याने ओढा. भोक मोकळं होत नसेल तर त्यावर ताजं ६०-४० सोल्डर घाला आणि मग सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वातीने ओढून घ्या. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही. जागी टर्न्ड पिनचे सॉकेट लावा.
दोन्ही काढल्यावर परत मोजा. शॉर्ट गेला असेल तर टीआर४ बदला, तो झेडटीएक्स ६५० आहे. टीआर५ (झेडटीएक्स २१३) सोबतच बदललेला बरा. पर्यायी ट्रान्झिस्टर घेतलात तर त्याच्या पायांचा क्रम डेटाशीटवरून पाहा, या चपट्या झेडटीएक्सचा आणि नेहमीच्या गोल डोक्याच्या बीसी मालिकेचा क्रम जुळेलच असं नाही. १२ आणि उणे ५ दोन्ही आले की मगच सॉकेटमध्ये आयसी. ४११६ च घ्या, ४१६४ तशीच बसत नाही, तिच्या पिन ८ ला ५ व्होल्ट लागतो आणि तिथे १२ आहे.

उद्यमनगर_कॉइल
भावा, मोटर रिवायंडिंगच्या दुकानात ही कॉइल नुसती टाकून येऊ नकोस. त्यांचा हात जाड तारेवर बसलेला असतो, ही करंगळीच्या टोकाएवढ्या फेराइटवरची केसासारखी तार. छोटे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा गाठ. जुनी कॉइल उलगडताना दोन्ही वाइंडिंगचे वेढे वेगवेगळे मोज, तारेची जाडी मायक्रोमीटरने घे, दिशा कागदावर काढ. एक वाइंडिंग उलटं बसलं तर कन्व्हर्टर (१२ आणि उणे ५ बनवणारी सर्किट) सुरूच होत नाही. फेराइट तडकू देऊ नकोस, बाकी सगळं परत करता येतं. वार्निश नुसतं काळवंडलं असेल आणि वेढ्यांत शॉर्ट नसेल तर कॉइल चालतेही, शॉर्ट काढून झाल्यावर आधी टीआर४ बदलून बघ.
कपॅसिटर (२२ मायक्रोफॅरडचे आडवे, जास्त करून) बदलणार असशील तर आधी प्रत्येकाचा फोटो काढ. काही बोर्डांवर छापलेली अधिक-उणेची खूण चुकीची आहे. बसवताना फोटोवर विश्वास ठेव.

एव्ही_लक्ष्मीपुरी
टीव्हीचं सोपं आहे. मॉड्युलेटरच्या (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या) डबीत बोर्डावरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची. दोन्ही सोडवा, ५ व्होल्टच्या टोकाला टेप गुंडाळा. डबीत मधल्या पिनला जोडलेला रेझिस्टर सोडवा आणि व्हिडिओची तार त्या पिनला लावा. मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, अधिक बाजू बोर्डाकडे, तर उत्तम. मग साधी पिवळी एव्ही केबल.
काही एलईडी टीव्ही हे चित्र घेतच नाहीत, कारण स्पेक्ट्रम इंटरलेस न करता (म्हणजे सम-विषम ओळी आलटूनपालटून न देता) ३१२ ओळी पाठवतो. तसं झालं तर जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर तपासा, बोर्डाला दोष देऊ नका.

झेड८०_शाहूपुरी
अजून एक. सिंक्लेअरची ओळ आली म्हणजे सगळी रॅम बरी, असं नाही. वरची ३२के गेली असेल तरी मशीन १६के म्हणून मुकाट सुरू होतं. हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के. ३२७६७ आलं तर वरच्या ३२केच्या आयसींकडे वळायचं.
बटणं चालत नसतील तर कोणती बंद आहेत ते लिहून घ्या. शेजारशेजारची पाच बंद असतील तर कीबोर्डपासून बोर्डाकडे येणाऱ्या आठ तारांच्या पट्टीत चीर आहे, ओळींमध्ये विखुरलेली आठ बंद असतील तर पाच तारांच्या. चीर अगदी टोकाला असेल तर कात्रीने ३-४ मिलिमीटर कापून पट्टी परत खोचा. मधे असेल तर नवी मेम्ब्रेनच (बटणांखालची पातळ शीट). आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात मागच्या एज कनेक्टरवर हिरवट थर धरतो, तोही आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या, मशीन बंद असताना.