पुरस्काराच्या निकालावरून तुमच्या घरी कधी रुसवेफुगवे झालेत का?

साधीसुधी: परवा 'नाळ २'मधल्या त्या चिमुरडीचा व्हिडिओ परत समोर आला. विज्ञान भवनात साडी नेसून, एवढीशी, राष्ट्रपतींकडून पुरस्कार घ्यायला चाललीय आणि अख्खं सभागृह टाळ्या वाजवतंय. बघता बघता मला एकदम बाबा आठवले. मार्च २००२, सोमवार सकाळ. 'लगान'ला ऑस्कर मिळणार म्हणून त्यांनी आम्हाला परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवून टीव्हीसमोर बसवलेलं. आई म्हणत होती, पोरांचा अभ्यास बुडतोय. बाबा म्हणाले, हे पण अभ्यासातच धर. नाव पुकारलं, 'नो मॅन्स लँड'. बाबांनी टीव्ही बंद केला आणि आंघोळीला गेले. पाणी तापलं नव्हतं, तसेच गेले! आठवडाभर घरात तो विषय बंद.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तो बोस्नियाचा सिनेमा पाहिला आणि बाबांना फोन केला, अहो खरंच चांगला आहे. पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं, "असेल. पण त्यात क्रिकेट आहे का?"

तुमच्याकडचे किस्से सांगा.

बाल्कनी७२: पाणी तापलं नव्हतं 😂😂 माझे काका तर त्या दिवशी ऑफिसलाच गेले नाहीत.

हिंगाची_डबी: 'श्वास'. बास, एवढंच लिहिणार होते पण लिहितेच आता. ५० वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, त्याआधीचं थेट अत्रेंच्या 'श्यामची आई'चं, १९५४ साली. मग तो ऑस्करला पाठवला, आणि तिकडे प्रचाराला पैसे लागतात म्हणून लोकांनी वर्गणी काढलेली, आठवतंय? मी माझ्या गल्ल्यातले अकरा रुपये दिले होते. नामांकनसुद्धा नाही मिळालं. मला वाटायचं माझे अकरा कमी पडले. बारा द्यायला हवे होते.

उंटावरचा_शहाणा: अकरा रुपयांत अमेरिकेत निदान पोस्टर लावायची टाचणी तरी आली असेल की ताई.

हिंगाची_डबी: @उंटावरचा_शहाणा टाचणी माझी, मग चौकटीत नाव पण माझं पाहिजे होतं.

दुपारची_झोप: विषय थोडा वेगळा आहे पण मालिकांचे पुरस्कार कुणी बघतं का? वाहिनी त्यांची, मालिका त्यांच्या, बाहुली पण त्यांचीच, आणि जिंकल्यावर रडायचं मात्र असं की जणू आत्ताच कळलं. आमच्या सासूबाई तरी मतं द्यायच्या. त्यांची आवडती नायिका हरली तेव्हा त्यांनी ती मालिका बघणं सोडलं. नायिकेवर राग म्हणून! म्हणे हिनेच नीट काम केलं नसणार.

पावसाळी: सासूबाईंचा न्याय 🙏

बाल्कनी७२: 'श्वास' आता कुठे बघायला मिळेल? लेकाला दाखवायचाय. आजोबांच्या भूमिकेतले अरुण नलावडे आठवले की अजून पोटात कालवतं.

दोन_नंबरी_चष्मा: २७ फेब्रुवारी २०१७. तारीख पाठ आहे कारण ऑफिसात मराठी भाषा दिन होता, आम्ही सगळे फेटे बांधून बसलेलो. मी मोबाइलवर ऑस्कर बघत होतो. 'ला ला लँड' म्हणाले आणि मी फेट्यासकट उभा! पैज लावली होती, सगळ्यांना चहा समोरच्या टेबलाकडून. दोन मिनिटांनी कळलं लिफाफाच चुकीचा दिलेला, खरा विजेता 'मूनलाइट'. तोवर चहा आला होता. पैसे मी दिले. कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी इंग्रजी सिनेमावर पैज लावल्याची शिक्षा, असं साहेब म्हणाले ते अजून म्हणतात.

पावसाळी: 😂 फेट्यासकट!! मला पण एक लिहायचंय. 'कोर्ट'ला सुवर्णकमळ मिळालं म्हणून मी नवऱ्याला ओढत थेटरात नेलं. मध्यंतरापर्यंत त्याने झोप काढली. उठला आणि विचारतो, "अजून तारीखच पडतेय का?" मी चिडले होते खूप. पण घरी येताना विचार केला तर त्याला सिनेमा बरोब्बर कळला होता की. वीरा साथीदारांचा तो शाहीर मात्र रात्रभर डोक्यातून गेला नाही. ते २०२१ला कोविडने गेले तेव्हा नवऱ्यानेच मला बातमी दाखवली, आणि मग दोघांनी परत लावला. या वेळी झोपला नाही.

हिंगाची_डबी: @पावसाळी 🙏

दुपारची_झोप: आज्जीचा राहिलाच. ती जुन्या 'श्यामची आई'ला लहानपणी पदर भिजवून आलेली. नव्याला परवाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट मिळाला असं सांगितलं तर म्हणते, "मिळणारच, आई तीच आहे ना." कुकरची तिसरी झाली, पळते.

उंटावरचा_शहाणा: राष्ट्रीयचं एक बरं असतं. निकाल आधीच जाहीर होतो, नंतर नुसता सोहळा. धडधड नाही, पहाटे उठणं नाही, थंड पाण्याची आंघोळ नाही.

दोन_नंबरी_चष्मा: आणि चहाचे पैसे नाहीत.

साधीसुधी: सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. खूप हसले. मग म्हणाले, "त्या अकरा रुपयेवालीला विचार, पावती घेतली होती का?"