भीती दडपलेली की शिकलेली?

प्रश्न: बालपणातील तीव्र भीतीचा उगम मनोविश्लेषण (मनात नकळत दडपलेल्या भावनांतून वर्तन समजून घेणारी पद्धत) आणि वर्तनवाद (वर्तन अनुभवातून शिकले जाते असे मानणारा विचार) इतक्या वेगळ्या ठिकाणी का शोधतात?

उत्तर १: मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये पाच वर्षांच्या हान्सला वाटणारी घोड्यांची भीती ही वडिलांविषयीच्या दडपलेल्या भीतीचे रूप मानली; परंतु त्या मुलाने गाडीला जुंपलेला घोडा कोसळताना प्रत्यक्ष पाहिला होता, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

उत्तर २: सहमत आहे. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रेनर यांच्या १९२० मधील प्रयोगात अकरा महिन्यांच्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावताच पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज केला जाई, आणि पुढे नुसता उंदीर दिसला तरी ते बाळ रडू लागे. ती भीती त्यांनी नंतर घालवलीच नाही, हे मला अक्षम्य वाटते.

उत्तर ३: पण भीती घालवताही येते: मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर या मुलाला आवडता खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला, तेव्हा त्याची भीती ओसरली.